थोरलीची उजवी बाजू

डोळ्यामागचे खवले मावशींनी पुन्हा मोजले. चार. त्यांनी चष्मा काढून रुमालाने पुसला, परत चढवला आणि टाकीतलं कासव श्वासाला वर यायची वाट पाहत बसल्या. कासव वर आलं, फुस्स करून पाणी उडवलं, उजव्या डोळ्याने मावशींकडे जरा पाहिलं आणि खाली गेलं. चारच. मांडीवरच्या कार्डावर मात्र पाच होते, आणि ते कार्ड खुद्द मावशींनीच काढलेलं होतं.

जखमी समुद्री कासवांच्या त्या केंद्रात या कासवाला धाकटी म्हणत, कारण तिच्या आधी आलेली एक थोरली होती. थोरलीला अठरा दिवसांपूर्वी समुद्रात सोडलं होतं आणि धाकटीला उद्या सकाळी सोडायचं होतं. म्हणून टाक्यांची देखभाल करणाऱ्या पंपदादाने तिला कालच जुन्या चौकोनी टाकीतून दाराजवळच्या, नव्याच बसवलेल्या गोल टाकीत आणलं होतं. चौकोनी टाकी भिंतीला लागून होती. तिच्यात धाकटी नेहमी नळाखालच्या एकाच कोपऱ्यात, डावा गाल दाखवत वर यायची. गोल टाकीला कोपराच नव्हता. पाच महिन्यांत तिचा उजवा गाल मावशींना आज पहिल्यांदा नीट दिसत होता, आणि तो डाव्यासारखा नव्हता.

आता कुणी म्हणेल, चार काय नि पाच काय, कासव ते कासव. पण त्या केंद्राचं सगळं गाडं या खवल्यांवरच चालायचं. कासवांची पाठ पाहून ओळख पटत नाही, एकीला झाकावं आणि दुसरीला काढावं. पायाला लावलेली ओळखपट्टी कधी गळून पडेल याचा नेम नसतो. गालावरच्या खवल्यांची नक्षी मात्र जन्मभर तीच राहते, आणि एकाची दुसऱ्यासारखी नसते. म्हणून इथून सुटणाऱ्या प्रत्येक कासवाचं एक कार्ड असायचं. वर डावा गाल, खाली उजवा गाल, काळ्या शाईच्या स्वच्छ रेघा. त्याच्या प्रती प्लास्टिकमध्ये घालून चाळीस मासेमारी बोटींच्या केबिनमध्ये टांगल्या होत्या. जाळ्यात कासव आलं की बोटवाले कार्डांशी ताडून बघत आणि फोन करत. आधी फोटो वापरून पाहिले होते, पण ओल्या कातडीवर उजेड चमकतो आणि रेघा नेमक्या हव्या तिथेच पुसट होतात. मावशींची कार्डं आल्यापासून फोटोंची कटकट कुणी केलीच नव्हती. या गोष्टीचा मावशींना आजवर अभिमान वाटत आला होता. आत्ता तीच गोष्ट आठवून त्यांनी मांडीवरचं कार्ड पालथं ठेवलं.

मावशी तिथल्या पगारी कोणी नव्हत्या. एकतीस वर्षं त्यांनी पाणीपुरवठा खात्याच्या नकाशाखान्यात ट्रेसर म्हणून काढली होती. इंजिनियरने पेन्सिलीने काढलेला नकाशा खाली ठेवायचा, वर पारदर्शक कागद ताणून बसवायचा आणि शाईने जसाच्या तसा उतरवायचा. मक्षिकास्थाने मक्षिका. साहेब कौतुकाने सांगायचे, आमच्या बाई माशीसुद्धा अशी उतरवतात की हाकलायला हात वर जातो. एकतीस वर्षांत मावशींनी स्वतःच्या मनची एक रेघ ओढली नाही, आणि ओढावी असं त्यांना कुणी म्हटलंही नाही. मग संगणक आले. शेवटची काही वर्षं त्या जुन्या नकाशांच्या गुंडाळ्यांवरची धूळ झटकत बसल्या आणि एक दिवस निवृत्त झाल्या. लग्न केलेलं नव्हतं. धाकट्या भावाच्या घरी मागची खोली त्यांची होती. भाऊ, भावजय दोघंही प्रेमळ, पण घरात त्यांच्यावाचून अडत होतं असं काहीच नव्हतं. वाचनालयाच्या फळ्यावर ‘रेघ चांगली असलेली व्यक्ती हवी’ अशी चिठ्ठी पाहून त्या केंद्रात आल्या, तेव्हा भाऊ जेवताना म्हणाला होता, “ताईला निवृत्तीनंतर कासवं भेटली हे एक बरं झालं. निदान वेग तरी जुळला.” सगळ्यांत जास्त हसल्या त्या मावशीच.

पण समोरचं जिवंत काही पाहून काढणं हे उतरवण्याइतकं सोपं नव्हतं. नकाशा हलत नाही, कासव हलतं. पहिले दोन आठवडे मावशींच्या कागदावर जे काय उमटत होतं ते पाहून पंपदादा गंभीर चेहऱ्याने म्हणाला होता, “मावशी, व्हॉल्व्ह छान आलाय.” मावशींना मुलगी असती तर केंद्राच्या डॉक्टरीणबाई तिच्या वयाच्या होत्या. त्यांनीच शेजारी बसून शिकवलं. आधी डोळा काढायचा. मग डोळ्याला टेकलेली ओळ. मग त्यामागची. मोजल्याशिवाय रेघ ओढायची नाही. मावशींनी त्यात स्वतःची एक युक्ती बसवली. कासव दर थोड्या मिनिटांनी श्वासाला वर येतं. तेवढ्यात एकच खवला बघायचा, डोळ्यांत साठवायचा, आणि ते खाली गेलं की काढायचा. एका श्वासाला एक खवला. थोरलीचा डावा गाल पुरा व्हायला तीन दिवस लागले. त्यातला दुसऱ्या ओळीतला तिसरा खवला असा होता की त्याच्या खालच्या टोकाला एक तिकोनी तुकडा वेगळा झालेला. तो नीट जमेपर्यंत मावशींनी सहा कागद फाडले. जमला तेव्हा त्या तिथल्या तिथे रडल्या होत्या, हे कुणाला माहीत नव्हतं.

आणि मग उजव्या गालाची पाळी आली. दुसऱ्या दिवशी बोटवाल्यांची बैठक होती आणि तिथे कार्ड वाटायचं होतं. थोरली उजवा गाल भिंतीकडे करूनच वर यायची. तिला उचलून फिरवायला दोन माणसं लागली असती, आणि पंपदादाची तर त्या दिवशी कंबर धरलेली. नकाशाखान्यात एक रिवाज होता. झडप, विहिरीचं झाकण, पंपाचं कवच, जे जे दोन्हीकडे सारखं ते अर्धंच काढायचं. मधल्या रेषेवर कागद दुमडायचा आणि पलीकडे तेच उतरवायचं. वेळ वाचतो आणि दोन बाजूंत केसाचा फरक पडत नाही. मावशींनी कागद दुमडला. लबाडी करतोय असं त्यांच्या मनातही आलं नाही. देवाने तोंड दोन्हीकडे सारखंच केलेलं असणार, यात शंका ती काय? डॉक्टरीणबाईंनी कार्ड पाहून “वा, मावशी!” म्हटलं. दहा महिन्यांत अशी सात कार्डं झाली.

धाकटीच एखादी तऱ्हेवाईक असेल, असं मनाशी म्हणत मावशी उठल्या. कोपऱ्यातल्या टबात परवा आलेलं एक लहान कासव होतं, दोन हातांत मावेल एवढं. त्यांनी ते उचललं. डावीकडे सहा खवले होते, उजवीकडे पाच. त्यांनी त्याला हळूच पाण्यात सोडलं. म्हणजे सातही कार्डं अर्धी खोटी होती. चाळीस बोटींवर टांगलेली, लोक ज्यांच्याकडे बघून हो-नाही ठरवतात ती.

डॉक्टरीणबाई आल्या की लगेच सांगायचं, असं त्यांनी ठरवलं. मग ठरवलं, चहा झाल्यावर सांगू. सांगितल्यावर काय होणार ते त्यांना दिसतच होतं. कुणी ओरडणार नव्हतं. नम्रपणे ‘उद्यापासून तसदी घेऊ नका’ म्हटलं असतं, आणि मागच्या खोलीत बसून त्यांनी परत दिवस मोजले असते. या पत्र्याच्या शेडमध्ये, खाऱ्या वासात, त्या कुणीतरी होत्या. ते आता जाणार होतं.

पण डॉक्टरीणबाई आल्या त्याच फोन कानाला लावून. एका बोटवाल्याचा फोन होता. पहाटेच्या जाळ्यात एक कासव मेलेलं निघालं होतं. धक्क्यावर आणून ठेवलं होतं. पायाला पट्टी नव्हती, पण ती जागा जाळ्याने फाटलेली होती. उजवी बाजू वर होती. त्याने केबिनमधल्या सगळ्या कार्डांशी ताडून पाहिलं होतं, एकाशीही जुळत नव्हतं. तरी खात्रीला म्हणून त्याने फोटो पाठवला होता.

डॉक्टरीणबाईंनी सात कार्डं टेबलावर मांडली. फोनवरचा फोटो एकेका कार्डाच्या उजव्या गालाशेजारी धरत गेल्या. थोरलीच्या कार्डापाशी त्या जास्त वेळ थांबल्या. पंपदादा हातातला पाइप तसाच धरून उभा होता.

“नाही,” त्या म्हणाल्या. “आपली नाही.” आणि खुर्चीवर मट्कन बसल्या. “मी रस्ताभर तेच म्हणत होते, थोरली नको. थोरली असती तर उद्याचं रद्दच करावं लागलं असतं. अठरा दिवसांनीही ती इथेच किनाऱ्याला घुटमळत होती म्हणजे खोल पाण्यात जायची ताकदच तिच्यात आली नव्हती, असा अर्थ झाला असता. मग धाकटीला कुठल्या तोंडाने सोडायचं? तिला तर आपण थोरलीपेक्षाही कमी दिवस ठेवलंय.”

पंपदादाचा जीव भांड्यात पडला. त्याने चहा टाकला. धक्क्यावरची सफाईची गाडी दुपारी बारा वाजता ते कासव पुरायला नेणार होती. तोवर फक्त लांबी मोजून कळवा, असं डॉक्टरीणबाईंनी बोटवाल्याला सांगितलं आणि उद्याच्या तयारीची यादी करायला बसल्या. किती दिवसांनी त्या गुणगुणत होत्या.

मावशी कप विसळत होत्या. विसळलेलेच कप त्यांनी परत विसळले. ती थोरली कशावरून, असं एक मन म्हणत होतं. समुद्रात काय कासवांना तोटा आहे? दुसरं मन म्हणत होतं, थोरली नाही कशावरून? जुळत नाही म्हणताय ते तुमच्या दुमडलेल्या कागदाशी. शेवटी त्यांनी पंपदादालाच पंपाच्या खोलीत गाठलं आणि एका दमात सगळं सांगितलं.

पंपदादाने टोपी काढून डोकं खाजवलं. “मावशी, झाकली मूठ सव्वा लाखाची,” तो म्हणाला. “आज बोलू नका. कार्डं आपण हळूहळू बदलू. मी उचलून धरतो एकेकाला, तुम्ही काढा. मेलेलं तर काही उठून सांगत नाही.”

त्याच्या मनात कपट नव्हतं. मावशी म्हणाल्या, “पण उद्या धाकटी जाणार ना.”

पंपदादाने टोपी परत घातली. त्या दाराकडे वळल्या तेव्हा त्याने त्यांना अडवलं नाही.

डॉक्टरीणबाई लिहीत होत्या. मावशी टेबलासमोर उभ्या राहिल्या, नकाशाखान्यात साहेबासमोर उभ्या राहत तशा, हात पाठीमागे बांधून.

“डॉक्टर, थोरलीचं कार्ड खोटं आहे.”

“म्हणजे?”

“उजवी बाजू मी पाहिलेलीच नाही. डावी दुमडून उतरवलीय. मला वाटलं, दोन्हीकडे सारखंच असतं.”

डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या कार्डांकडे. “आणि बाकीची?”

“सातही तशीच.”

पेनाला टोपण लावायला त्यांना बराच वेळ लागला. मग त्यांनी फोन उचलला. बोटवाला वैतागला. तेवढं धूड पालथं करायला परत तीन माणसं लागणार, त्यातले दोघं जाळी धुवायला गेलेले, आणि एकदा जुळत नाही म्हटल्यावर ही डावी-उजवी कसली भानगड, असं तो बरंच बोलला. पण त्याने ते केलं. पंधरा मिनिटांनी फोटो आला.

डॉक्टरीणबाईंनी फोटो उघडला नाही. फोन तसाच मावशींच्या हातात दिला. “तुम्ही बघा. या बाजूची रेघ तुमची स्वतःची आहे.”

मावशींनी कार्ड पुढे ओढलं. आधी डोळा. मग डोळ्याला टेकलेली ओळ: एक, दोन, तीन, चार, पाच. मग दुसरी ओळ. पहिला, दुसरा. तिसऱ्याच्या खालच्या टोकाला एक तिकोनी तुकडा वेगळा झालेला होता. तिथेच त्यांना कळलं. तरी त्या थांबल्या नाहीत, शेवटच्या खवल्यापर्यंत गेल्या, कारण मध्येच थांबायचा त्यांना आता हक्क नव्हता. आपली रेघ जराशी वाकडी असती, एखादा खवला अंदाजाने ओढलेला असता, तर शंकेला जागा राहिली असती असं त्यांच्या मनात आलं. पण रेघ चोख होती. आयुष्यात स्वतः पाहून काढलेलं पहिलं काम, आणि त्यात खोट काढायला तसूभर जागा नव्हती.

“थोरलीच आहे,” त्या म्हणाल्या.

पंपदादा बाहेर निघून गेला. डॉक्टरीणबाईंनी उद्याच्या यादीवर उभी रेघ मारली आणि दोन फोन करून बोट नको म्हणून सांगितलं. त्यांचा आवाज अगदी सरळ होता. फोन ठेवल्यावर मात्र तो तसा राहिला नाही.

“चाळीस बोटी, मावशी. दहा महिने. त्या लोकांनी कार्ड बघून ‘तुमचं नाही’ म्हणत किती वेळा पाण्यात ढकलून दिलं असेल, ते आपल्याला कधीच कळणार नाही. कधीच नाही.”

माफ करा म्हणणं मावशींना फार स्वस्त वाटलं. ‘धाकटी तरी वाचली’ असं म्हणता आलं असतं, पण ते दुसऱ्याने म्हणायचं होतं. मग त्यांनी कागद लावायची आपली फळी घेतली, दोन कोरे कागद, पेन्सिल, आणि निघाल्या. दारात पंपदादाने विचारलं, कुठे? धक्क्यावर, म्हणून त्या चालू लागल्या.

धक्का वीस मिनिटांवर होता. ऊन चढलं होतं. मावशी इतक्या भराभर क्वचितच चालत. घरी काय सांगायचं याचा विचार त्यांच्या मनात आला; भाऊ काहीतरी गमतीचं बोलेल, आणि या वेळी आपल्याला हसता येणार नाही. केंद्रातली ती जागा तर गेलीच होती. ज्याच्या हातची सात कार्डं खोटी निघाली त्याला आठवं कोण काढू देणार? पण बारा वाजता गाडी येणार होती, आणि त्यानंतर ती बाजू जगात कुठेच पाहायला मिळणार नव्हती.

धक्क्याच्या टोकाला, बर्फाच्या रिकाम्या खोक्यांशेजारी थोरली डावा गाल वर करून पडली होती. बोटवाला तिच्याजवळ दोरी गुंडाळत बसला होता. सफाईची ढकलगाडी आलेलीच होती. मावशींनी बोटवाल्याला विनंती केली, हिला परत उजवीकडे फिरवून द्या.

“आता कशाला?” तो म्हणाला. “कळलं ना तुम्हाला काय ते? एकदा फिरवलंय ना बिचारीला.”

“ही बाजू मी पाहिलेली नाही,” मावशी म्हणाल्या.

त्याला त्यातून काय उमगलं कोण जाणे. त्याने दोघांना हाक मारली, गाडीवाल्यालाही हात लावायला सांगितलं, आणि चौघांनी मिळून थोरलीला फिरवलं, या खेपेला जरा सांभाळून. मावशी तिच्या डोक्यापाशी उघड्या फरशीवरच बसल्या. गुडघे दुखत होते. गाडीवाल्याने घड्याळाकडे पाहून विचारलं, किती वेळ? त्यांनी अर्धा तास मागितला. त्याने गाडीचे दांडे खाली ठेवले आणि सावलीला जाऊन उभा राहिला.

गालावर वाळू चिकटली होती. ती पुसायला मावशींनी रुमाल काढला, तेव्हा मागून कुणीतरी येऊन थांबलं. डॉक्टरीणबाई होत्या, धापा टाकत. मावशींनी मान वर केली नाही. आता इथूनही उठवतील, असंच त्यांना वाटलं. डॉक्टरीणबाई पलीकडे गेल्या, गुडघे टेकून बसल्या, पिशवीतली पाण्याची बाटली काढून थोरलीच्या उजव्या गालावरची वाळू त्यांनी हलकेच धुतली. मग एका अंगाला कलंडणारं ते जड डोकं दोन्ही हातांत धरून मावशींना दिसेल असं स्थिर केलं.

“घ्या,” त्या म्हणाल्या. “सावकाश काढा.”

मावशींनी कागद सरळ केला. डोळा मिटलेला होता. त्यांनी तो मिटलेलाच काढला.